तंबूतली सर्कस, टीव्हीतली सर्कस

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कुरुंदवाड म्हटले की कुणाला कृष्णा-पंचगंगेचा संगम आठवतो, कुणाला पलीकडची नृसिंहवाडी, कुणाला संताजी घोरपडे यांची समाधी, तर कुणाला मशिदीत बसणारे गणपती. गाण्याच्या रसिकांना भूगंधर्व रहिमत खाँ आठवतात. १९२२ साली त्यांनी याच गावात देह ठेवला. पण रहिमत खाँसाहेब ज्या नात्याने या भागात आले, ते नाते खेळाचे होते. त्यांचे आश्रयदाते विष्णुपंत छत्रे म्हणजे भारतीय सर्कशीचे जनक.

विष्णुपंत मूळचे कृष्णाकाठच्या अंकलखोपचे. ग्वाल्हेरला जाऊन ते घोडा फिरवायला शिकले आणि हद्दू खाँसाहेबांकडे गाणेही शिकले. पुढे कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानिकांच्या पदरी त्यांनी घोड्यांची जबाबदारी सांभाळली. १८७९ मध्ये कियारिनी नावाच्या इटालियन गृहस्थाची सर्कस मुंबईला आली. असा खेळ उभा करणे हिंदुस्थानातल्या माणसाला जमणार नाही, असे कियारिनी म्हणाला आणि विष्णुपंतांनी ते मनाला लावून घेतले, अशी कथा सांगतात. १८८० साली ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी राहिली, एवढे मात्र खरे. परदेशातून आलेला एक खेळ इथल्या माणसाने पाहिला, पारखला आणि आपला करून घेतला.

आज बोलायचे आहे ते व्हिडिओ गेमबद्दल. त्यातही टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्राबद्दल. त्याला कन्सोल म्हणतात. सर्कशीवरून मी एकदम इथे कसा आलो, असे कुणाला वाटेल. कारण सोपे आहे. हाही परदेशातून आलेला खेळ. यानेही मुलांना वेड लावले आणि वडीलधाऱ्यांना काळजी लावली. आणि एखाद्या खेळाचे गुणदोष समाजाने कसे तोलावेत, याचा एक धडा सर्कशीच्या इतिहासातच आहे.

सर्कशीबद्दल आपण काय केले, ते पाहा. ऑक्टोबर १९९८ मध्ये केंद्र सरकारने वाघ, सिंह, बिबटे, अस्वले आणि माकडे यांच्या खेळांवर बंदी घातली. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. २०११ मध्ये त्याच न्यायालयाने सर्कशीत लहान मुलांना कामाला ठेवण्यास मनाई करण्याचा आदेश दिला. म्हणजे सर्कस चांगली की वाईट, असा एका वाक्याचा निकाल आपण दिला नाही. झोका ठेवला, विदूषक ठेवला, कसरत ठेवली. मुक्या जनावरांचे हाल आणि कोवळ्या पोरांची पिळवणूक तेवढी बाजूला काढली. व्हिडिओ गेमच्या बाबतीत मात्र अजूनही एकतर “सगळे वाटोळे झाले” किंवा “पोरगं हुशार आहे, खेळू दे” अशी दोनच वाक्ये ऐकू येतात.

अमेरिका, जपान आणि मग आपण

घरच्या टीव्हीवर खेळ खेळता येईल, ही कल्पना राल्फ बेअर या अमेरिकेत स्थायिक झालेल्या अभियंत्याची. त्याच्या कल्पनेवरून मॅग्नावॉक्स कंपनीने १९७२ साली ‘ओडिसी’ नावाचे यंत्र बाजारात आणले. त्याला आवाज नव्हता, रंग नव्हते. रंगासाठी टीव्हीच्या काचेवर रंगीत प्लॅस्टिकचा कागद लावायचा. सोबत फासे आणि पत्तेही मिळायचे. जुन्या बैठ्या खेळांची नाळ अजून तुटली नव्हती. त्याच वर्षी अटारी कंपनीचा ‘पाँग’ आला. दोन फळ्या आणि एक चेंडू, एवढाच तो खेळ. पुढे या धंद्यात पैसा दिसल्यावर ज्याने त्याने उड्या घेतल्या, वाईट खेळांचा सुळसुळाट झाला आणि १९८३ मध्ये अमेरिकेतली ही बाजारपेठ कोसळली. अटारीने आपला न खपलेला माल न्यू मेक्सिको राज्यातल्या कचरा डेपोत पुरला होता. २०१४ मध्ये तो उकरून काढण्यात आला.

अमेरिकेत धंदा बुडत होता, त्याच सुमाराला, १५ जुलै १९८३ रोजी, जपानमध्ये निन्टेन्डो कंपनीने १४,८०० येनला ‘फॅमिली कॉम्प्युटर’ विकायला काढला. १९८५ मध्ये त्यावर ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आला. हा सगळा खेळ अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसवलेला होता. आपण वाचत आहात तो हा लेख संगणकात देवनागरीत साठवला, तर साधारण तेवढीच जागा घेईल. तेवढ्या जागेत मारिओ, त्याची उडी, कासवे, राजकन्या, किल्ले आणि संगीत असे सगळे होते.

आपल्याकडे हे यंत्र सरळ वाटेने फारसे आले नाही. ‘सामुराई’ या नावाने ते भारतात विकले गेले खरे, पण गावोगावी पोहोचल्या त्या नकला. १९९५ मध्ये शॉ वॉलेस कंपनीने सेगा या जपानी कंपनीशी करार करून मेगा ड्राइव्ह नावाचे यंत्र भारतात आणले. ८० टक्के आयातकर चुकवण्याचा तो मार्ग होता. तरीही किंमत ठरली १८ हजार रुपये. त्या पैशात त्या काळी घरात चांगला रंगीत टीव्ही येई. सामान्य घराला हे परवडणार कसे?

वाट निघाली ती एका तांत्रिक त्रुटीतून. अमेरिकेत विकलेल्या निन्टेन्डोच्या यंत्रात परक्या कॅसेट चालू नयेत म्हणून कुलपाची चिप होती. जपानच्या मूळ यंत्रात ती नव्हती. त्यामुळे तैवान आणि चीनमधल्या कारखान्यांना त्याची नक्कल करणे सोपे गेले. ‘लिटल मास्टर’सारख्या नावांनी ही यंत्रे आपल्या बाजारात आली. शिरोळ तालुक्यातल्या माणसाला असल्या खरेदीसाठी सांगली, इचलकरंजी, फार तर कोल्हापूर गाठायचे, एवढेच अंतर. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असे छापलेले असायचे. प्रत्यक्षात त्यात खेळ मोजकेच, तेच ते पुन्हा पुन्हा वेगळ्या आकड्याखाली दिलेले. कॉन्ट्रा, रणगाड्यांचा खेळ, बदकांची शिकार, मोटारींची शर्यत आणि सर्कस.

हो, सर्कस. कोनामी या जपानी कंपनीने १९८४ साली ‘सर्कस चार्ली’ नावाचा खेळ काढला. त्यातला विदूषक सिंहावर बसून आगीच्या रिंगणांतून उड्या मारतो, तारेवरून चालतो, चेंडूंवरून उडतो, धावत्या घोड्यावर कसरत करतो, झोक्यावरून झोक्यावर जातो. कन्सोलवर आल्यावर तो आपल्याकडच्या मुलांचा फार लाडका झाला. विष्णुपंतांच्या सर्कशीत घोडा हाच मानाचा खेळ होता. शंभर वर्षांनंतर तोच घोडा काचेच्या पडद्यावर आला. तंबूतला सिंह कायद्याने मोकळा झाला आणि पडद्यावरच्या सिंहाला कोणताच चाबूक लागला नाही. गुणाचे माप टाकायला सुरुवात इथूनच करायला हरकत नाही.

उजवे पारडे

पहिला गुण, हा खेळ भाषा विचारत नव्हता. ‘सुपर मारिओ’चा पहिला टप्पा नीट पाहा. सुरुवातीला मारिओ डाव्या बाजूला उभा आणि उजवीकडे मोकळी जागा. म्हणजे उजवीकडे जायचे. थोड्याच वेळात एक शत्रू समोरून येतो. तो लागला की मरायचे, उडी मारली की वाचायचे. एकही सूचना न वाचता मूल नियम शिकते. ज्या मुलाला इंग्रजीची भीती वाटते, तेही इथे मागे राहत नाही. चुका करत शिकणे आणि चुकल्याबद्दल कुणाची बोलणी न खाणे, हे आपल्या शाळांत दुर्मीळ आहे. इथे ते दर मिनिटाला घडते.

दुसरा गुण डोळ्यांचा आणि हातांचा. २००३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात ग्रीन आणि बाव्हेलियर या संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पूर्वी न खेळणाऱ्यांना रोज एक तास असे दहा दिवस वेगवान खेळ खेळायला दिले, तेव्हा एकाच वेळी अनेक गोष्टींवर लक्ष ठेवण्याची त्यांची क्षमता वाढलेली दिसली. २००७ मध्ये न्यूयॉर्कमधल्या ३३ शल्यविशारदांची पाहणी प्रसिद्ध झाली. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करण्याच्या सरावात, पूर्वी आठवड्याला तीन तासांहून अधिक गेम खेळलेल्या डॉक्टरांच्या चुका ३७ टक्के कमी होत्या आणि त्यांचा वेग २७ टक्के जास्त होता. अर्थात, गेममुळे हात तयार झाला, की तयार हाताच्या माणसाला गेम आवडले, हे अशा पाहणीतून ठरत नाही. आणि गेम खेळून कुणी डॉक्टर होत नाही, हेही आईबापांनी ध्यानात ठेवावे.

तिसरा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो. या यंत्राला दोन रिमोट असत आणि पडदा एकच. म्हणजे शेजारी बसायला माणूस लागायचा. कॉन्ट्रात एकाने पुढे धाव घेतली की मागचा अडकायचा, म्हणून सांभाळून घ्यावे लागे. चार मुले असली की आळीपाळी ठरे, भांडणे होत आणि ती मुलेच मिटवत. ज्याच्या घरी यंत्र, त्याच्या घरी गल्ली जमायची. यंत्र टीव्हीला, टीव्ही बाहेरच्या खोलीत आणि त्या खोलीतून आजी-आजोबांची ये-जा. मुलगा काय खेळतो, किती वेळ खेळतो, हे घराला आपोआप कळायचे. बातम्यांची वेळ झाली की खेळ बंद, कारण टीव्ही एकच.

चौथा गुण पैशाच्या व्यवहाराचा. कॅसेट एकदा विकत घेतली की व्यवहार संपला. खेळ पूर्ण आपला. मित्राला द्या, बदलून घ्या, जुनी झाली तर विका. खेळाला सुरुवात असे आणि शेवटही असे.

डावे पारडे

आता दोष. आणि ते खरे दोष आहेत, नुसती म्हाताऱ्यांची कुरकुर नव्हे.

त्या काळी घरोघरी सांगितला जाणारा दोष म्हणजे “टीव्हीची पिक्चर ट्यूब जाते.” यात तथ्य थोडे आणि भीती जास्त होती. एकच स्थिर चित्र तासन्‌तास राहिले, तर काचेच्या आतल्या लेपावर डाग उमटू शकतो. तासाभराच्या मारिओने टीव्ही जात नसे. उलट जुनी काचेची ट्यूब गेली, तेव्हा एक खेळच गेला. बदकांच्या शिकारीत बंदुकीतून काही सुटत नसे. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा आणि बंदुकीतला प्रकाशाचा डोळा तो टिपायचा. हा हिशोब काचेच्या ट्यूबच्या वेगावर बसवलेला होता. आजच्या सपाट टीव्हीसमोर ती बंदूक आंधळी आहे.

खरा दोष शरीराचा. खेळातला माणूस धावतो, खेळणारा बसून राहतो. ज्या मुलुखात पोरे घाटावरून नदीत सूर मारून पोहायला शिकली, तालमीत लाल मातीत घोळली, तिथे बोटांच्या व्यायामाला कसरत म्हणता येणार नाही. सर्कस पाहून आलेली मुले अंगणात कोलांट्या उड्या मारून पाहत. ‘सर्कस चार्ली’ खेळून उठलेला मुलगा फक्त पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

दुसरा दोष हिंसेचा. १९९३ च्या डिसेंबरमध्ये ‘मॉर्टल कॉम्बॅट’सारख्या खेळांतल्या रक्तपातावर अमेरिकेच्या सिनेटमध्ये चौकशी झाली. त्यातून १९९४ मध्ये खेळाच्या डब्यावर वयोगट छापण्याची पद्धत तिथल्या उद्योगाने सुरू केली. गेममुळे माणूस गुन्हेगार होतो का? अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये सांगितले की, गंभीर हिंसाचाराचा संबंध जोडण्याइतका पुरावा नाही. ओरडणे, ढकलणे अशा आक्रमक वागण्याशी मात्र थोडा संबंध दिसतो. म्हणजे घाबरून जाऊ नये, पण डब्यावरचा आकडा वाचावा. १८ असे छापलेला खेळ दहा वर्षांच्या नातवाला वाढदिवसाला देणारे आजोबा प्रेमळ असतीलही; जागरूक नसतात.

तिसरा दोष सवयीचा. जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग डिसऑर्डर’ला आजारांच्या वर्गीकरणात स्थान दिले आणि १ जानेवारी २०२२ पासून ते लागू झाले. त्याची खूण मात्र नीट समजून घ्यायला हवी. खेळण्यावर ताबा न राहणे, बाकी सगळ्या गोष्टींपुढे खेळ येणे आणि नुकसान दिसत असूनही तो न थांबणे, आणि हे साधारण वर्षभर चालू राहणे. सुट्टीत चार दिवस मुलगा खेळात बुडाला, म्हणजे तो आजारी झाला असे नव्हे.

चौथा दोष पैशाचा. ज्यांच्या घरी यंत्र नव्हते, ते तासावर पैसे देऊन पार्लरमध्ये खेळत. पार्लरमधल्या काही यंत्रांत कौशल्य कुठे संपते आणि जुगार कुठे सुरू होतो, हे कळेनासे झाले. आपल्यापासून हाकेच्या अंतरावर कर्नाटकाची हद्द आहे. तिथल्या पार्लरचालकांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९५ मध्ये न्यायालयाने अशा पार्लरना परवाना घ्यावा लागेल, असे ठरवले. नव्या यंत्रांची किंमत तर विचारूच नका. फेब्रुवारी २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ भारतात आले ते ४९,९९० रुपयांना आणि त्यावरचा एकेक नवा खेळ जवळपास पाच हजारांचा. शिवाय एका कंपनीचा खेळ दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर चालत नाही. हे बंधन खेळणाऱ्याच्या सोयीचे नाही.

पाचवा दोष आपण स्वतः घातलेला. रिमोट हातात असायचा तो बहुधा मुलाच्या. बहीण मागे बसून पाहायची किंवा तिला दुसरा रिमोट मिळायचा तो भावाला जोडीदार नसेल तेव्हा. हा यंत्राचा दोष नव्हता, घराचा होता. पण यंत्राने तो बदललाही नाही.

आपला खेळ कुठे आहे?

विष्णुपंतांनी कियारिनीची नक्कल केली नाही. आपली सर्कस उभी केली. कन्सोलच्या बाबतीत आपण बराच काळ नक्कल करणाऱ्यांचे गिऱ्हाईक राहिलो. नकली यंत्र, नकली कॅसेट, पुढे नकली सीडी. स्वस्तात खेळ मिळाला, पण खेळ तयार करणाऱ्याला पैसाच मिळेना, म्हणून इथे तो तयार करणाराही उभा राहिना. प्लेस्टेशन २ जगात पंधरा कोटींहून अधिक विकले गेले. त्यासाठी संपूर्ण भारतात तयार झालेला पहिला खेळ, ‘हनुमान: बॉय वॉरियर’, आला तो २००९ मध्ये, म्हणजे यंत्र जपानमध्ये निघाल्यानंतर नऊ वर्षांनी. त्याच सुमाराला ‘देसी अड्डा’ आला. त्यात कबड्डी, विटीदांडू, पतंग हे आपले खेळ होते.

पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या कंपनीचे उदाहरण मात्र सांगण्यासारखे आहे. ‘राजी’ नावाचा खेळ करण्यासाठी त्यांनी २०१७ मध्ये लोकवर्गणी मागितली. ती पुरेशी जमली नाही. तरी काम सोडले नाही आणि ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेन्डोच्या यंत्रावर तो जगभर प्रसिद्ध झाला. त्यातली नायिका एक मुलगी आहे. ती आपल्या हरवलेल्या भावाला शोधायला निघते. मघाशी भावाच्या मागे बसून पाहणाऱ्या बहिणीबद्दल बोललो, तिला या खेळात पहिला रिमोट मिळाला असे म्हणू. पण मराठी बोलणारा, मराठी मातीतला कन्सोलचा खेळ अजून आपल्या मुलांच्या ओळखीचा नाही, ही उणीव उरतेच.

तराजूचा काटा

मग निकाल काय? पाहा, कन्सोलचे जे गुण मी सांगितले, त्यांतले बहुतेक गुण त्याच्या मर्यादांतून आलेले आहेत. यंत्र जागचे हलत नव्हते, म्हणून घराची नजर राहिली. पडदा एक होता, म्हणून सोबत राहिली. कॅसेट संपत होती, म्हणून खेळ संपत होता. आणि दोष आले ते मर्यादा सुटल्या तिथे. आज मुलाच्या हातात मोबाइल आहे. त्यातला खेळ फुकट मिळतो, पण कधी संपत नाही. पैसे एकदा नाही, थोडे थोडे करून कायम मागतो. पडदा वीतभर, त्यामुळे शेजारी बसायला जागाच नाही. खेळता खेळता खरे पैसे लावण्याचे प्रकार इतके वाढले की, ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेला पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा करावा लागला. नवे कन्सोलही इंटरनेटला जोडलेले आहेत आणि त्याच वाटेने जाऊ लागले आहेत.

म्हणून पालकांना एवढेच सांगावेसे वाटते. “गेम खेळू द्यावा का?” हा प्रश्न फार मोठा आहे आणि त्यामुळेच निरुपयोगी आहे. त्याऐवजी चार लहान प्रश्न विचारावेत. हा खेळ कुठेतरी संपतो का? तो सगळ्यांना दिसेल अशा जागी खेळला जातो का? पैसे एकदाच द्यायचे आहेत का? आणि शेजारी दुसऱ्या कुणाला बसता येते का, विशेषतः घरातल्या मुलीला? चारही उत्तरे होकारार्थी असतील, तर तासभर खुशाल खेळू द्यावे. जमल्यास दुसरा रिमोट आपणच हातात घ्यावा. नकार आला, तर नेमके तेवढेच बदलता येते का, ते पाहावे. सर्कशीतला सिंह मोकळा करायला आपल्याला शंभराहून अधिक वर्षे लागली. मुलांच्या बाबतीत तेवढा वेळ आपल्या हाताशी नाही.